मुक्तस्रोत चॅटबॉट प्रकल्प टिकणारा आहे की नाही, हे कसं तपासता?

परळ_नाका

नमस्कार मंडळी. बाहेरगावहून उपचारासाठी येणाऱ्या कॅन्सर रुग्णांच्या नातेवाइकांना मदत करणारी आमची परळमधली एक छोटी संस्था आहे. तिथली तांत्रिक बाजू मी बघतो. विदर्भ, मराठवाडा, खानदेशातून माणसं येतात. पहिल्या दिवशी त्यांचे प्रश्न ठरलेले असतात: रात्री टेकायला जागा कुठे, महात्मा फुले जन आरोग्य योजनेसाठी कागद कुठले लागतात, जेवणाची सोय कुठे होईल. आमचा फोन दिवसभर वाजत असतो आणि रात्री तो उचलायला कोणी नसतं. म्हणून व्हॉट्सॲपवर मराठीत उत्तरं देणारा चॅटबॉट बसवायचं ठरलंय. पैसे बेताचे, त्यामुळे मुक्तस्रोतच घ्यायचा आहे.

स्वयंसेवक मुलांनी एक प्रकल्प सुचवला. नाव मुद्दाम देत नाही, कारण चर्चा त्या एका प्रकल्पाची न होता पद्धतीची व्हावी असं वाटतं. विश्वस्तांच्या बैठकीत आमच्या एका विश्वस्त मॅडमनी (निवृत्त बँक अधिकारी आहेत) विचारलं, "हे बनवणारे लोक चार-पाच वर्षांनी जागेवर असतील का?" मुलं म्हणाली, "मॅडम, हजारो स्टार आहेत!" (स्टार म्हणजे गिटहब या कोडच्या साइटवर लोकांनी दिलेली 'आवडलं' अशी खूण.) त्यांचं समाधान झालं नाही, आणि खरं सांगायचं तर माझंही नाही.

रेपोवर (प्रकल्पाचा कोड जिथे ठेवलेला असतो त्या पानावर) जे समोर दिसतं ते मी पाहिलं. स्टार भरपूर, शेवटचा कमिट (कोडमधल्या बदलाची नोंद) याच आठवड्यातला, उघडे इश्यू (न सुटलेल्या तक्रारी) कमी. एवढ्या भांडवलावर विश्वस्तांसमोर "हो, टिकेल" म्हणायची माझी तयारी नाही. रात्री अकराला दादरला उतरून मेसेज करणाऱ्या माणसाला उत्तर आलं नाही तर तो फुटपाथवर झोपतो, इतका साधा मामला आहे. तुम्ही लोक एखादा प्रकल्प निवडताना नक्की काय बघता?

शिवडी_स्लो

स्टार आधी बाजूला ठेवा. 2024 मध्ये संशोधकांनी गिटहबवरचे स्टार तपासले तेव्हा बनावट वाटणारे लाखो स्टार सापडले होते. ते विकत मिळतात. आणि खरे असले तरी त्यातून इतकंच कळतं की कोणीतरी एकदा पान उघडलं होतं. नंतर त्याने ते वापरलं की नाही, कोणालाच ठाऊक नाही.

मीनाक्षी_ठाणे

वाचतेय. आमच्या सोसायटीच्या कमिटीतही असाच प्रश्न आलाय.

जुना_पायथन

"शेवटचा कमिट याच आठवड्यातला" यावर विसंबू नका. तो कमिट कोणी केलाय ते उघडून बघा. डिपेंडाबॉटसारखी यंत्रं रोज उठून "अमुक लायब्ररीची आवृत्ती वाढवली" अशा नोंदी टाकत असतात. माणूस महिनोन्महिने तिकडे फिरकला नसला तरी आलेख हिरवागार दिसतो. याच्या उलटही होतं. काही ठिकाणी बदल मूळ कोडात मिसळताना (मर्ज करताना) सगळे कमिट एकात दाबून टाकतात. तिथे पंधरा दिवसांची मेहनत एका ओळीत मावते आणि चांगला चालता प्रकल्प सुस्त वाटतो. म्हणून कमिटची नुसती संख्या दोन प्रकल्पांत ताडून पाहण्यात अर्थ नाही.

त्यापेक्षा रेपो क्लोन करा (त्याची प्रत स्वतःच्या संगणकावर उतरवा) आणि टर्मिनलवर गिट शॉर्टलॉग ही आज्ञा चालवा: फक्त गेल्या वर्षापुरता, मर्ज वगळून, माणसागणिक आकडे. उतरत्या क्रमाने यादी येते. त्यातून बॉट काढून टाका. एकाच माणसाची दोन ईमेलमुळे दोन नावं आली असतील तर ती एकत्र करा (हे हमखास असतं). मग बघा, निम्मं काम किती माणसांत आटोपतंय. लिनक्स फाउंडेशनचा केऑस नावाचा प्रकल्प 2017 पासून असल्या मोजमापांच्या व्याख्या ठरवतोय. लोक ज्याला बस फॅक्टर म्हणतात तो हाच आकडा. तो एक आला तर त्या एका माणसाची नोकरी बदलली की तुमचा चॅटबॉट पोरका. हेच मोजमाप कंपन्यांनाही लावतात: निम्मं काम कमीत कमी किती कंपन्यांच्या लोकांकडून येतंय? माणसं दहा असली आणि दहाही एकाच कंपनीच्या पगारावर असली, तरी टेकू एकच.

यानंतर त्याआधीच्या वर्षाची यादी काढा आणि दोन्ही शेजारी ठेवा. गेल्या वर्षी वरच्या पाचात असलेलं कोण आता दिसत नाही? नवीन कोण वर आलंय? मला सगळ्यात जास्त माहिती या दोन याद्यांच्या फरकातून मिळते. काम हातातून हातात जातंय की नाही ते तिथे उघड दिसतं.

कॉटन_ग्रीन

@जुना_पायथन, जोरदार सहमत. उघड्या इश्यूंबद्दल एक भर घालतो. परळ_नाका म्हणतात उघडे इश्यू कमी आहेत. ते कशाने कमी झालेत ते बघा. बऱ्याच रेपोंवर स्टेल बॉट बसवलेला असतो. ठरावीक दिवस कोणी काही बोललं नाही की तो "हालचाल नाही" असा शेरा मारून इश्यू बंद करतो. प्रश्न सुटलेला नसतो, फक्त यादीतून गेलेला असतो. बंद झालेले इश्यू उघडा आणि शेवटचा प्रतिसाद माणसाचा आहे की यंत्राचा ते पाहा. पहिल्या दोन पानांतच चित्र स्पष्ट होतं.

परळ_नाका

@कॉटन_ग्रीन, लगेच जाऊन पाहिलं. बंद इश्यूंपैकी बरेचसे बॉटनेच बंद केलेत. त्यातला एक तर व्हॉट्सॲपवर एकच मेसेज दोनदा जाण्याबद्दल होता. खाली एकामागून एक माणसं "मलाही हेच होतंय" लिहून गेलीत आणि शेवटी बॉटचा शेरा. आमच्यासाठी हा महत्त्वाचा दोष आहे, कारण दोन मेसेज गेले की दोनाचे पैसे कापले जाऊ शकतात.

खारफुटी

थोडा वेगळा सूर लावते. हालचाल नाही म्हणजे प्रकल्प मेला, हे समीकरण मला मान्य नाही. लायन या गटाचा ओपन असिस्टंट हा मुक्तस्रोत चॅटबॉट प्रकल्प आठवतोय का? 13,500 हून जास्त स्वयंसेवकांनी मिळून संवादांचा साठा तयार केला. एप्रिल 2023 मध्ये तो खुला केला तेव्हा त्यात 35 भाषांतले 1,61,443 मेसेज होते. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्यांनी काम पूर्ण झाल्याचं जाहीर करून टाकलं. आज त्या रेपोवर सामसूम आहे, पण तो साठा संशोधनात वापरला जातोच. ठरवलेलं काम करून सन्मानाने थांबलेल्या प्रकल्पाला "मृत" म्हणणं अन्यायाचं आहे.

चॅटरबॉट ही पायथनची जुनी लायब्ररीही बघा. 2020 नंतर बराच काळ तिथे नवी आवृत्ती आली नाही. लोकांनी तिचा नाद सोडला होता, आणि 2025 मध्ये नव्या आवृत्त्या पुन्हा येऊ लागल्या. तेव्हा शांततेचा अर्थ लावताना जरा धीर धरावा.

जुना_पायथन

@खारफुटी, माहितीच्या साठ्याबद्दल मान्य. अक्षरं उलटी करणारी एखादी छोटी लायब्ररी असेल तरीही मान्य, ती दहा वर्षं न हलवता चालेल. चालत्या चॅटबॉटला ही सवलत मिळत नाही, कारण तो उभा असतो दुसऱ्यांच्या जमिनीवर. मेटाच्या एपीआयच्या (बाहेरचे प्रोग्राम व्हॉट्सॲपशी जोडणारा दुवा) आवृत्त्या काही काळाने बाद होतात. व्हॉट्सॲपचा स्वतःच्या सर्व्हरवर चालवायचा ऑन-प्रिमाइस एपीआय त्यांनी ऑक्टोबर 2025 मध्ये कायमचा बंद केला. ज्या प्रकल्पांनी तोवर क्लाउड एपीआयकडे मुक्काम हलवला नाही, त्यांचा कोड तस्साच्या तसा असूनही निरुपयोगी झाला. मॉडेल देणाऱ्या कंपन्या जुनी मॉडेलं काढून घेतात ते वेगळंच.

पायथनचंही तसंच. रासा या चॅटबॉट बनवायच्या साधनाची खुली 3.6 ही आवृत्ती पायथन 3.8 ते 3.10 वर चालते. त्यातल्या 3.8 ची मुदत ऑक्टोबर 2024 मध्ये संपली, 3.9 ची ऑक्टोबर 2025 मध्ये, आणि 3.10 ची ऑक्टोबर 2026 पर्यंतच. चॅटबॉटचा कोड कितीही सुंदर असला तरी खालची भाषाच सुरक्षा दुरुस्त्यांच्या बाहेर गेली तर रुग्णांची माहिती मी त्यावर ठेवणार नाही. म्हणून रेपोत गेल्यावर कमिटच्याही आधी मी बघतो की पायथनच्या किंवा नोडच्या कुठल्या आवृत्त्यांवर चाचण्या चालतात. चालू आवृत्ती त्या यादीत नसेल तर पुढचं वाचायलाही बसत नाही.

खारफुटी

जमिनीचा मुद्दा पटला. चॅटबॉटपुरता. 🙂

माटुंगा_फायनल_इयर

मी इंजिनियरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे, अनुभव थोडाच आहे, पण एक सांगते. पुल रिक्वेस्टच्या (बाहेरच्यांनी पाठवलेले बदल, थोडक्यात पीआर) आकड्यावरही जाऊ नका. 2024 च्या सुरुवातीला एक्सप्रेस या जावास्क्रिप्ट साधनाच्या रेपोवर काय झालं ते आठवत असेल. यूट्यूबवरचा धडा बघून शेकडो मुलांनी रीडमी फाइलमध्ये स्वतःची नावं घालणाऱ्या पुल रिक्वेस्ट पाठवल्या. बिचारे मेंटेनर (प्रकल्प सांभाळणारे) त्या बंद करत बसले. आमच्या वर्गात अजूनही "रेझ्युमेसाठी एखादी पीआर मारून टाक" असंच म्हणतात. अशा वेळी गर्दी दिसते, काम मात्र शून्य.

मी काय बघते ते सांगू? नवख्या माणसाला उत्तर कसं मिळतं ते. एका प्रकल्पात मी तारखेच्या फॉरमॅटची दुरुस्ती पाठवली होती. मेंटेनरने ती स्वीकारली नाही, पण हेच काम दुसऱ्या फाइलमध्ये का करायला हवं ते ओळीओळीने समजावलं आणि सोबत चाचणी कशी लिहायची त्याचा नमुना दिला. मी ती पुन्हा केली, मर्ज झाली, आणि आता तिथे नवीन मुलांच्या प्रश्नांना उत्तरं मी देते. असा प्रकल्प उद्याची माणसं आजच तयार करत असतो.

जुना_पायथन

@माटुंगा_फायनल_इयर, वा! माझ्या दोन याद्यांच्या फरकात वर आलेलं नवं नाव म्हणजे तुमच्यासारखी माणसं. केऑसमध्ये याचंही माप आहे: पहिला प्रतिसाद यायला लागलेला वेळ. पण तो प्रतिसाद वाचूनच बघावा लागतो, नुसती वेळ पुरत नाही.

लालबाग_जुनी_चाळ

मी संगणकवाला नाही. आमच्या गणपती मंडळाचा वीस वर्षांचा कार्यकर्ता. तुमचं वाचून वाटलं की हे सगळं आम्हाला ओळखीचं आहे. पावती पुस्तकावर नावं शंभर, टी-शर्ट घालणारे दोनशे, आणि विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी मांडव सोडायला येणारे सात. मंडळ त्या सातांवर चालतं. त्यातले चार पंचविशीच्या आतले असतील तर मंडळ पुढची वीस वर्षं चालणार.

शिवडी_स्लो

@लालबाग_जुनी_चाळ, काका, आख्ख्या धाग्यातला सगळ्यात भारी प्रतिसाद! गणपती बाप्पा मोरया!

वकील_विलेपार्ले

लायसन्सबद्दल अजून कोणीच बोललं नाही, म्हणून लिहितो. मुक्तस्रोत म्हणून घेतलेला प्रकल्प उद्याही त्याच अटींवर मिळेल, असं गृहीत धरू नका. रेडिस या डेटाबेसने मार्च 2024 मध्ये लायसन्स बदललं. काही दिवसांतच लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली वाल्की नावाचा फोर्क (जुन्या कोडाची प्रत घेऊन वेगळा चालवलेला प्रकल्प) उभा राहिला. मग मे 2025 मध्ये रेडिसने एजीपीएल या मुक्तस्रोत लायसन्सचा पर्याय आणला. चॅटच्या दुनियेतलं उदाहरण ओपन वेबयूआयचं. तो बीएसडी या मोकळ्या लायसन्सवर होता. 2025 मध्ये 0.6.6 या आवृत्तीपासून त्यांनी अट घातली की तीस दिवसांत पन्नासहून जास्त वापरकर्ते असतील तर त्यांचं नाव-चिन्ह परवानगीशिवाय काढायचं नाही. प्रकल्प जोमात होता, कमिट धडाधड पडत होते, आणि तरीही अट बदलली. तेव्हा हालचाल आणि हक्क हे दोन वेगळे प्रश्न आहेत.

रेपोच्या इतिहासात लायसन्सची फाइल किती वेळा आणि कोणी बदलली ते एका क्लिकवर दिसतं. दुसरं म्हणजे योगदान देणाऱ्यांकडून कसला करार घेतात ते बघा. सीएलए सही करून घेऊन सगळे हक्क एका कंपनीकडे जात असतील तर ती कंपनी पुढच्या आवृत्तीचं लायसन्स एकटी ठरवू शकते. नुसतं डीसीओ असेल, म्हणजे "हे काम माझं आहे आणि याच लायसन्सखाली देतोय" एवढंच प्रमाणपत्र, तर हक्क शेकडो जणांत विखुरलेले राहतात. एजीपीएल किंवा जीपीएल (बदललेला कोडही खुला ठेवायला लावणारी लायसन्स) असेल तर सगळ्यांच्या संमतीशिवाय बदल करणं फार अवघड. एमआयटी किंवा अपाचेसारखं मोकळं लायसन्स असेल तर पुढचं काम बंद करता येतंच, पण आधीची आवृत्ती तुमच्या हातात असते आणि ती कोणी काढून घेऊ शकत नाही.

चेंबूर_स्टार्टअप

@वकील_विलेपार्ले, माहिती उत्तम, पण धाग्यात कंपन्यांकडे जरा जास्तच संशयाने बघितलं जातंय. कंपनी पाठीशी असली म्हणजे पगारी माणसं असतात, सोमवारी सकाळी कामाला बसणारी. सुरक्षेची दुरुस्ती लवकर येऊ शकते. मार्च 2024 मध्ये एक्सझेड या फाइल दाबून लहान करणाऱ्या साधनात घुसवलेलं मागचं दार (गुपचूप आत शिरायची वाट) सापडलं, त्याआधी तो प्रकल्प एका थकलेल्या स्वयंसेवकाच्या खांद्यावर होता. मदतनीस म्हणून आलेल्या कोणीतरी दोनेक वर्षं विश्वास कमावून 5.6.0 आणि 5.6.1 या आवृत्त्यांत विष कालवलं. तिथे दोन पगारी माणसं असती तर? रुग्णांसाठीच्या चॅटबॉटला मी तरी पगारी संघ असलेलाच प्रकल्प घेईन.

वकील_विलेपार्ले

पगारी माणसांना विरोध नाहीच. पगार बंद झाला की काय, एवढंच विचारतोय.

ऐरोली_ओपनसोर्स

दोघांचंही बरोबर आहे आणि मायक्रॉफ्ट हे त्याचं चांगलं उदाहरण. आवाजावर चालणारा मुक्तस्रोत सहाय्यक. पेटंटच्या खटल्यात कंपनीचा पैसा गेला आणि 2023 मध्ये तिचं काम थांबलं. पण कोड खुला होता आणि कंपनीबाहेर तो आतून-बाहेरून ओळखणारी माणसं होती, त्यामुळे ओपनव्हॉइसओएस आणि निऑन यांनी काम पुढे नेलं. रेपोत कंपनीच्या ईमेलशिवाय किती लोकांना मर्ज करायचा अधिकार आहे, हा आकडा म्हणून महत्त्वाचा. रीडमीत बहुतेक वेळा तो नसतो. गव्हर्नन्स किंवा मेंटेनर्स नावाची फाइल असते, ती उघडा. फाइलच नसेल तर कोणी कोणाची पुल रिक्वेस्ट मर्ज केलीय ते पाहून अंदाज येतो.

ओपनएसएसएफ स्कोअरकार्ड हे प्रकल्पाची सुरक्षा तपासणारं साधनही चालवून बघा, दहापैकी गुण देतं. पण नुसता एकूण गुण घेऊ नका, खाली उतरून एकेक तपासणी वाचा. "मेंटेन्ड" ही तपासणी गेल्या 90 दिवसांतल्या हालचालीवर चालते आणि आठवड्याला सरासरी एक कमिट असला तरी तिथे पूर्ण गुण मिळू शकतात. जुना_पायथन म्हणाले तशी यंत्राच्या नोंदींची भरती असेल तर हा गुण फुगलेला असतो. ब्रँच प्रोटेक्शन (मुख्य कोडात कोणालाही थेट बदल न करू देणं), कोड रिव्ह्यू, सुरक्षा धोरणाची फाइल, या तपासण्या मला जास्त कामाच्या वाटतात.

मीनाक्षी_ठाणे

अवांतर: परळ_नाका, तुमच्या त्या बँकवाल्या मॅडमना रेपोचं ऑडिट द्या. आमच्या सोसायटीत असंच एक निवृत्त जोडपं आहे, त्यांच्या नजरेतून पाण्याच्या टँकरचं एक बिल सुटत नाही.

परळ_नाका

@मीनाक्षी_ठाणे, मनातलं बोललात! कालच त्यांना हा धागा मोबाइलवर दाखवला. पूर्ण वाचला आणि विचारलं, "पैसे कुठून येतात ते कोणीच कसं सांगितलं नाही?"

ऐरोली_ओपनसोर्स

मॅडमना नमस्कार सांगा. बरोबर विचारलंय. प्रकल्प ओपन कलेक्टिव्ह या निधी गोळा करायच्या साइटवर असेल तर जमा-खर्चाची प्रत्येक नोंद तिथे उघडी असते. किती आले, कोणाला कशासाठी दिले, शिल्लक किती. गिटहब स्पॉन्सर्समध्ये इतका तपशील मिळत नाही. कंपनीचा प्रकल्प असेल तर कमाई कशावर आहे ते किमतीच्या पानावरून कळतं. मुक्त आवृत्तीत असलेली सोय हळूहळू सशुल्क आवृत्तीकडे सरकतेय का, ते गेल्या काही रिलीजच्या नोंदी वाचून लक्षात येतं. बॉटप्रेस या चॅटबॉट साधनाने मोर्चा क्लाउडकडे वळवला तेव्हा स्वतःच्या सर्व्हरवर जुनी 12 ही आवृत्ती चालवणारे मागे राहिले.

देवनागरी_दूत

उशिरा आले, पण माझ्या आवडीचा विषय आहे. मी मराठी मजकुरावर चालणाऱ्या साधनांचं काम करते. इथे सगळं प्रकल्पाच्या तब्येतीबद्दल चाललंय, पण प्रकल्पाची इंग्रजीतली तब्येत ठणठणीत आणि मराठीतली शून्य असू शकते. तुमची माणसं इंग्रजीत विचारणार नाहीत.

सांगते ती चाचणी करा. "ॲडमिशनसाठी काय लागतं" हे वाक्य चॅटबॉटला शिकवा. मग तेच वाक्य अशा फोनवरून पाठवा, ज्यात "ॲ" हे एक अक्षर म्हणून येत नाही, तर "अ" आणि वरची चंद्रकोर अशी दोन चिन्हं लागून येतात. डोळ्यांना दोन्ही सारखीच दिसतात. युनिकोडमध्ये ती वेगळी आहेत, आणि नेहमीचं नॉर्मलायझेशन (सारखी अक्षरं एका रूपात आणायची प्रक्रिया) त्यांना एक करत नाही. "दुसऱ्या दिवशी" मधल्या "ऱ्या"चंही तसंच: काही कीबोर्ड नुक्तावाल्या "ऱ"ने लिहितात, काही साध्या "र"नंतर हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह घालून. शब्दाला शब्द जुळवणारा चॅटबॉट यातल्या एकाला उत्तर देतो आणि दुसऱ्याला "समजलं नाही" म्हणतो. गावाकडून आलेल्या माणसाला वाटतं, आपलंच काहीतरी चुकलं.

आता याचा प्रकल्पाच्या तब्येतीशी संबंध. हा दोष सापडला तर नीट इश्यू लिहा: दोन्ही वाक्यं, कोणत्या अक्षराचा कोणता युनिकोड क्रमांक, काय अपेक्षित होतं, काय आलं. आणि बघा काय होतं. कोणी उत्तर देतं का? मूळ लेखकच देतो की दुसरंही कोणी पुढे येतं? "आमच्या भाषेत चालतं" म्हणून सोडून देतात की चाचणी मागतात? दोन आठवड्यांत तुम्हाला स्कोअरकार्डपेक्षा जास्त कळेल.

माटुंगा_फायनल_इयर

बाप रे, हे अजिबात ठाऊक नव्हतं. आत्ता आमच्या प्रकल्पात करून बघते.

गोवंडी_दीदी

मी झोपडपट्टीतल्या मुलींच्या शिक्षणाच्या कामात आहे. आम्ही संस्थांसाठीच बनवलेला ग्लिफिक वापरतो. तोही मुक्तस्रोत, व्हॉट्सॲपवरचा, 2020 पासूनचा, भारतातल्या संस्थांना डोळ्यासमोर ठेवून केलेला. तुम्ही तोच घ्या असं नाही, पण तुलनेसाठी एक तरी असा प्रकल्प यादीत ठेवा. तुमच्यासारख्या अडचणी असलेल्या इतर संस्था तिथे भेटतात, आणि अडलं तर फोन करून विचारायला माणूस असतो.

माझं खरं म्हणणं वेगळं आहे. चार-पाच वर्षांची हमी कोणताच प्रकल्प देणार नाही. त्यामुळे आपली घडी अशी बसवायची की प्रकल्प बंद पडला तरी महिन्याभरात दुसरीकडे जाता आलं पाहिजे. व्हॉट्सॲपचा नंबर आणि मेटाचं बिझनेस खातं संस्थेच्या नावावर हवं, बसवून देणाऱ्या मुलाच्या किंवा एजन्सीच्या नाही. आमच्या ओळखीतल्या एका संस्थेचा नंबर एजन्सीच्या नावावर होता. करार संपला आणि हजारो पालकांकडे सेव्ह असलेला नंबर गेला. प्रश्न आणि उत्तरं चॅटबॉटच्या पोटात ठेवू नका, साध्या एक्सेल पत्रकात ठेवा, तिथून चॅटबॉटमध्ये भरा. धर्मशाळेचा फोन बदलला तर आधी पत्रकात बदला. आणि रुग्णाचं नाव, आजार, रिपोर्ट हे शक्यतो मागूच नका. 2023 चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा आहेच, पण कायदा नसता तरी घाबरलेल्या माणसाकडून गरजेपेक्षा जास्त काही मागू नये.

चेंबूर_स्टार्टअप

@गोवंडी_दीदी, नंबरचा मुद्दा सोन्यासारखा. हे कोणी आधी सांगत नाही.

खारफुटी

धागा वाचनखुणांत साठवला.

परळ_नाका

सगळ्यांचे मनापासून आभार. काय काय झालं ते सांगतो.

शॉर्टलॉगच्या दोन याद्या काढल्या. बॉट वगळले तर त्या प्रकल्पात निम्म्याहून जास्त काम एकाच माणसाचं निघालं. आधीच्या वर्षी त्याच्या जोडीला आणखी दोघं होते, ती नावं आता नाहीत. डिस्कॉर्डवर (प्रकल्पाच्या गप्पांच्या गटात) मात्र रोज गप्पा रंगतात, आणि मुलं त्यावरूनच म्हणत होती की प्रकल्प जोरात आहे. मी तिथे मागे जाऊन वाचलं. विचारणारे रोज नवे, उत्तर देणारा तोच एक. रात्री-अपरात्रीही तोच. भला माणूस आहे. एकट्याने इतकं ओढणाऱ्या त्या माणसाबद्दल मला आदरच वाटतो, पण त्याच्या एकट्याच्या जागरणावर आमचे रुग्ण सोपवायला मन धजत नाही.

मग त्याचबरोबर दुसरा एक प्रकल्प पाहिला. स्टार कितीतरी कमी, दिसायला साधा. यादीत वर सहा-सात नावं, त्यातली दोन गेल्या वर्षातली नवी. पायथनच्या चालू आवृत्त्यांवर चाचण्या चालतात. लायसन्स पहिल्यापासून एकच. देवनागरी_दूत यांनी सांगितलेली चाचणी केली, आणि "ॲडमिशन"ला तोही अडखळला. युनिकोड क्रमांकांसकट इश्यू टाकला. तिसऱ्या दिवशी उत्तर आलं, मूळ लेखकाकडून नाही, गेल्या वर्षीच आलेल्या एका बाईंकडून. त्यांना मराठी येत नाही. त्यांनी लिहिलंय की दुरुस्ती करता येईल, पण लोक प्रत्यक्षात कसं लिहितात त्याची पन्नासेक वाक्यं मिळाली तर चाचणी पक्की होईल. रोमन लिपीतलं मराठीही पाठवा म्हणाल्या.

मॅडम म्हणाल्या, "याच लोकांबरोबर पुढे जा, पण सहा महिन्यांनी दोन्ही याद्या पुन्हा काढून मला दाखवायच्या." नंबर संस्थेच्या नावावर घ्यायचा ठराव झाला. प्रश्नोत्तरांचं पत्रक आजपासून सुरू केलंय.

एक अडचण: वाक्यं गोळा होतील, फोन उचलणाऱ्या आमच्या ताईंकडे ढीग आहे. पण चाचणीच्या स्वरूपात लिहायला आमच्याकडे कोणी नाही.

माटुंगा_फायनल_इयर

मी लिहिते. परीक्षा पुढच्या महिन्यात आहे, त्याआधी होईल. नावं, फोन नंबर काढून वाक्यं पाठवा.

देवनागरी_दूत

मी तपासून देईन. आणि विदर्भातल्या लोकांची वाक्यं जरूर घ्या. "रायची सोय", "कुठी रायचं" असंही येईल, ते सुधारून "राहायची" करू नका. जसं आलं तसंच पाठवा.

लालबाग_जुनी_चाळ

फोनवरच्या ताईंना टाइप करायला माणूस हवा असेल तर आमच्या मंडळाच्या दोन पोरी येतील. परळ चालत दहा मिनिटांवर आहे. कधी पाठवू?

परळ_नाका

काका, शनिवारी दुपारी दोननंतर. पत्ता व्यनि करतो.